पितळी पट्टीच्या आतला पाय

प्रिय धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. तुला घाईने वाचायची खोड आहे. मधल्या दोन ओळी गिळतोस आणि शेवटाला येऊन थांबतोस. शाळेतही तसंच करायचास आणि मास्तरांनी अर्थ विचारला की माझ्याकडे बघायचास. यात बरंचसं तुला माहीत असलेलंच लिहिलंय. आपल्याच घरची हकीकत हा मला पहिल्यापासून का ऐकवतोय, उतारवयात डोकं फिरलं की काय, असं तुला वाटेल. वाटू दे. समोरासमोर बोलता आलं असतं तर मी एवढा कागद कशाला खर्ची घातला असता? पण चौकशी लागल्यापासून सभागृहाच्या सेवकांनी सन्माननीय सदस्यांशी बोलायचं नाही असं परिपत्रक निघालंय. आणि तूही तीन आठवडे माझ्या दारातून जाताना हातातल्या कागदात तोंड खुपसून जातोस. परवा तो कागद उलटा होता. मी बघितलं, पण परिपत्रक पाळलं.

आधी आईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडलंय. तीन वर्षं झाली, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ती गावच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला जाते. चोवीस खाटांचा दवाखाना, दोन मशिनं, त्यातलं एक रडतखडत चालणारं. घरापासून तिच्या पावलांनी दहा मिनिटं. खिडकीजवळची खाट तिची ठरलेली. येत्या एक तारखेला तो दवाखाना बंद होतोय, आणि त्यानंतरचं सगळ्यात जवळचं मशीन बसने चार तासांवर आहे. चार तास जायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं, चार तास परत यायचं, आठवड्यातून तीनदा, वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या रविवारी मी गावी गेलो होतो. तुझ्या वहिनीने विचारलं की एक तारखेनंतर कसं करायचं, तर आई चादरीची घडी घालत म्हणाली की करायचंय काय, पुष्कळ झालं आता, मी काही त्या बसमध्ये बसायची नाही. रागावून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती घडी झाल्यावर दुसरी चादर घ्यायला उठली. मशीन बंद झाल्यावर माणूस किती दिवस काढतो हे मी डॉक्टरांना विचारलं. फार तर दोन आठवडे. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तू सदस्य कसा झालास ते आठवलं की मला एवढ्या काळजीतही हसू येतं. पक्षाच्या दोन गटांत उमेदवारीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. याचा माणूस त्याला नको, त्याचा याला नको. मग कुणाला तरी चौकातला घड्याळवाला आठवला. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसणारा, आजवर कुणाला हो न म्हटलेला आणि नाहीही न म्हटलेला. दोन्ही गटांना वाटलं, हा तर आपलाच. प्रचारात तू एक भाषण केलं नाहीस. लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून दिलीस, आणि सरकारही हा असंच उघडून, पुसून, चालू करून देईल असं लोकांना वाटलं. वचन म्हणशील तर एकच दिलंस, तेही न बोलता. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं की हा दवाखाना राहील ना, आणि तू मान डोलावलीस. त्या डोलावण्यावर तू निवडून आलास. त्या म्हाताऱ्यांत आपली आईही होती.

पहिल्या दिवशी तू आलास तेव्हा दार क्रमांक दोन मीच उघडलं आणि तुला सलाम ठोकला. तू कावराबावरा होऊन उलट मलाच वाकायला लागलास, तेव्हा मी हळूच तुझा दंड धरून तुला आत लोटलं. सव्वीस वर्षं मी त्या दारात उभा आहे. सेवकाने आत तोंड उघडायचं नाही हा नियम, त्यामुळे मी नुसतं ऐकलं. एक सदस्य पुलाबद्दल नऊ वर्षं तोच प्रश्न विचारायचे आणि एक मंत्री नऊ वर्षं तेच उत्तर द्यायचे, की बाब विचाराधीन आहे. मग निवडणूक झाली, दोघांच्या बाजू बदलल्या, तर त्यांनी आपापसांत कागद बदलून घेतले आणि पुढे चालू केलं. अशा घरात न बोलणारा माणूस मला तरी शहाणा वाटायचा. चार वर्षांत कामकाजाच्या नोंदीत तू एकदाच आलास, एक सदस्य शिंकले असं, आणि पुढे कंसात हशा.

पण आईला ते पुरलं नाही. सभागृहाचं आणि त्याच्या समित्यांचं कामकाज रेडिओवर लागतं हे बहुतेक सदस्यांनाही माहीत नाही. ऐकणारं कुणी नाही म्हणून ते बंद करायचंही राहून गेलंय. आई ऐकते. रोज ऐकते. कोण सदस्य कसा खोकतो ते तिला पाठ आहे. दवाखान्यातही तिची पिशवी आधी आणि ती मागून, आणि पिशवीत रेडिओ. तो उशाशी ठेवायचा, परिचारिकेने त्याची तार खिडकीला अडकवायची, आणि मग चार तास हिने अर्थसंकल्पावरची चर्चा ऐकायची, तुझा आवाज येईल म्हणून. संध्याकाळी मी फोन केला की म्हणायची, आज बोलला नाही, गर्दी होती बोलणाऱ्यांची, उद्या बोलेल. चार वर्षं हेच वाक्य.

तू का बोलत नाहीस ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी पंधरा. शाळेच्या संमेलनात पाहुण्यांचे आभार मानायला तुला उभं केलं होतं. चार वाक्यं. मी पडद्यामागे दोरीपाशी होतो. तू उभा राहिलास, घशातून हूं की चूं नाही, आणि मान वळवून पडद्याकडे बघायला लागलास. तसं बघणं मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही. मी मागून एकेक शब्द सांगितला आणि तू एकेक शब्द खणखणीत म्हणत गेलास. मग तू मध्येच अडलास आणि मी वैतागून म्हणालो, अरे बोल ना गाढवा, तर तेही तू पाहुण्यांकडे हात करून तितक्याच खणखणीत म्हणालास. सगळं सभागृह लोळलं. त्या दिवसानंतर तू चार माणसांत तोंड उघडलं नाहीस. तो गाढव माझा होता, धाकट्या. मी तुला घरी येऊन चिडवलंसुद्धा. आज त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता दाराचं. सभापतींनी मतदान पुकारलं की मी घंटेचं बटण दाबतो. बरोबर तीन मिनिटं घंटा, तेवढ्यात कॅन्टीन, वाचनालय, संडास, जिथे कुठे लोकशाही पांगलेली असेल तिथून तिने धावत यायचं. घंटा थांबली की दार बंद आणि कडी. उंबरठ्यावर पितळी पट्टी ठोकलेली आहे. घंटा थांबताना ज्याचं एक पाऊल पट्टीच्या आत, तो हजर. त्याला मी आत घ्यायलाच हवा. असा सदस्य बाहेर राहिला असं सिद्ध झालं, तर त्याचं मत मागाहून विचारायचं आणि बेरजेत मिळवायचं, असा जुना नियम आहे. एक भरभक्कम सदस्य कधीकाळी दारात अडकून बसले होते, त्यांच्यासाठी केलेला. तीन मिनिटं मोजायला भिंतीवर घड्याळ आहे, पण ते अकरा वर्षं बंद आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी सर्वपक्षीय समिती आहे, ती त्या घड्याळाखालीच बसते, आणि ते नक्की केव्हा बंद पडलं यावर तिचं अजून एकमत झालेलं नाही. म्हणून मी मनगटावरच्या घड्याळावर मोजतो. नोकरी लागली तेव्हा ते तू मला दिलंस. दुकानात बसल्यावर तू सुटे भाग जमवून जोडलेलं ते पहिलं घड्याळ. दर वर्षी मी गावी आलो की तू ते उघडतोस, साफ करतोस, कानाला लावतोस आणि परत माझ्या हातावर बांधतोस. सव्वीस वर्षांत ते एक सेकंद इकडचं तिकडे झालेलं नाही.

त्या दिवशी आरोग्यसेवा सुलभीकरण विधेयक होतं. पन्नासपेक्षा कमी खाटांचे सगळे दवाखाने बंद करायचे, म्हणजे कोणत्या दवाखान्यात जावं या गोंधळातून नागरिकांची सुटका होईल. हे वाक्य वाचताना मंत्रीसुद्धा जरा चाचरले. विरोधी पक्षनेते दोन तास तळमळीने बोलले, आणि खाली बसल्यावर कळलं की ते गेल्या वर्षीच्या विधेयकावर बोलले. तुमच्या पक्षाचा आदेश निघाला होता की जो विरोधात जाईल त्याने घरी जावं. गावात तू मान डोलावून बसला होतास. दोन दिवस तू कॅन्टीनमध्ये नुसता चहा पीत होतास, हे मला कॅन्टीनवाल्याने सांगितलं. मग तू हिशेब मांडलास. सरकार चार मतांनी पुढे आहे. आपण नसलो तरी व्हायचं ते होणारच. मग बाजूनेही नको आणि विरोधातही नको, आपण दाराबाहेर राहिलो म्हणजे पक्षही खूश आणि गावही.

मी घंटा दाबली. सगळे धावत आले, तू चालत आलास. तिसरं मिनिट भरलं, घंटा थांबली, आणि तू दारात उभा होतास. डावा पाय पट्टीच्या आत, उजवा बाहेर. बूट नव्यानेच पॉलिश केलेला होता, पट्टीचा उजेड त्यावर पडला होता. तू माझ्याकडे बघितलंस, अगदी त्या पडद्याकडे बघितलं होतंस तसं, आणि ओठ जेमतेम हलवून म्हणालास की दादा, लाव दार. मी तुला आत ओढायला हवं होतं. मी तुझ्या छातीवर तळवा ठेवला, तुला मागे सारलं आणि दार लावलं. तू काही मागितलंस आणि मी नाही म्हटलं असं आजवर झालं नव्हतं, आणि त्या क्षणी मला दवाखाना आठवला नाही, आई आठवली नाही, फक्त तुझी मान कशी वळली तेवढंच दिसलं.

आत काय झालं ते तू नंतर ऐकलंस. तुझ्या पक्षाचे आणखी तीन सन्माननीय सदस्य कॅन्टीनमध्ये टोस्टची वाट बघत बसले होते, कारण तिघांनाही वाटलं की आपल्या एकट्याच्या नसण्याने काय होतंय. बाजूने एकशे बारा, विरोधात एकशे बारा. बरोबरी झाली तरच सभापतींना मत असतं, ते त्यांनी सरकारच्या पारड्यात टाकलं आणि विधेयक मंजूर झालं. दाराला कान लावून उभा होतास ना तू? मी आतून कडीला हात लावून उभा होतो. आपल्या दोघांच्या मध्ये चार बोटं जाडीचं लाकूड होतं आणि एक मत बाहेर राहिलं होतं.

मग गावात बोभाटा झाला आणि तुमच्या पक्षप्रतोदांनी चिठ्ठी लिहिली, की दारावरच्या सेवकाचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे होतं, म्हणून सन्माननीय सदस्य धावत येऊनही बाहेर राहिले. खाली तुझी सही. घड्याळाच्या चुकीने मतदान बिघडत नाही, नाहीतर त्या भिंतीवरच्या घड्याळाखाली अकरा वर्षांत झालेले सगळे कायदे रद्द करावे लागतील. माझी नोकरीही त्यात वाचते, मला नुसतं बागेच्या फाटकावर पाठवतील. तू मला वाचवायला सही केलीस हे मला कळतं. तरी ती वाचून मी घड्याळ काढलं आणि खिशात ठेवलं. आणि चौकशी समिती नेमली तर प्रमुख कोण? तूच. ज्याची तक्रार त्यालाच न्याय द्यायला बसवलं की वेळ वाचतो, असं सभापती म्हणाले, आणि सगळ्यांनी बाकं वाजवली.

आई माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं तिचा धाकटा तिच्या दवाखान्यासाठी जीव तोडून पळत आला आणि थोरल्याने नियमावर बोट ठेवून त्याच्या तोंडावर दार आपटलं. रविवारी मी पाया पडलो तर तिने पाय आखडून घेतले. तुझ्याबद्दल तिला जे वाटतं ते मोडायची हिंमत मला झाली नाही.

बाकी सगळं करून बघितलं. सभापतींना अर्ज दिला, तर सेवकाचा अर्ज संबंधित सदस्यामार्फत यावा म्हणून परत आला, आणि संबंधित सदस्य तू. विरोधी पक्षनेत्यांना त्यांच्या गाडीपाशी गाठलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं, आणि म्हणाले की दवाखाने तूर्त बंदच होऊ देत, निवडणुकीला मुद्दा लागतो. तुझ्या निवासस्थानी तीनदा आलो. पडदा हलला, दार उघडलं नाही. दार न उघडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी बाहेरून कळलं. आता अकरा दिवस उरलेत आणि माझ्याकडे काही उरलेलं नाही.

एक होतं. नियमावली मी सव्वीस वर्षं उभ्याने वाचलीय, तुम्ही कुणी वाचलेली नाही. सेवकाने सदस्यांपुढे बोलायचं नाही, म्हणून त्याचं निवेदन बंद लिफाफ्यात द्यायचं, ते समितीसमोर फोडायचं आणि समितीप्रमुखाने स्वतः, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत वाचायचं. मध्ये थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा थांबू नकोस, धाकट्या, आता थोडंच राहिलंय. पहिल्या ओळीतल्या प्रियला तुझा आवाज अडकला असेल, पण तिथून इथवर आलास. तुला माहीत असलेलं सगळं का लिहिलं ते आता कळलं असेल. लघुलेखकांना आणि आईला ते माहीत नव्हतं. समोरच्या माइकवरचा रेडिओचा लाल दिवा लागलाय ना? आज मंगळवार आहे. ती खिडकीजवळच्या खाटेवर आहे, उशाशी रेडिओ आहे, आणि चार वर्षांनी तिला तुझा आवाज ऐकू येतोय. आई, दार मीच लावलं, पण याने सांगितलं म्हणून लावलं, आणि आम्हा दोघांनाही वाटलं होतं की त्याने काही बिघडणार नाही. धाकट्या, माझी नोकरी आता जाईल आणि तुझी उमेदवारीही, ते आपण दोघं बघून घेऊ, चौकातलं दुकान अजून आहे. उजव्या हाताला पाण्याचा ग्लास आहे, सकाळी मीच भरून ठेवलाय, एक घोट घे. वाचून झालं की प्रमुखाने निवेदन मान्य आहे की नाही ते सांगायचं, आणि तुझं पाऊल पट्टीच्या आत होतं हे मान्य झालं की तुझं राहिलेलं मत तिथल्या तिथे विचारतील. मी दाराबाहेर उभा आहे, पडद्यामागे होतो तसाच, आणि या वेळी गाढव म्हणणार नाही. दोनच शब्द सांगतो, माझ्या मागून म्हण. मान्य. विरोधात.

तुझाच,
दादा
दार क्रमांक दोन